वाडीतला नारळ आणि सोन्याची कडी

माझे हात स्वच्छ नाहीत, असं माझ्या पीएच.डी.च्या गाइडचं ठाम मत होतं. ते मत त्यांनी कधी लांबण लावून सांगितलं नाही. डाग पडलेला पत्रा चिमट्याने उचलायचे, खिडकीच्या उजेडात धरायचे, त्यावरचे काळे ठिपके मला दाखवायचे आणि म्हणायचे, "हात." एवढंच. मग पत्रा टेबलावर ठेवून आपल्या केबिनमध्ये निघून जायचे. त्या एका शब्दाने माझं डोकं असं फिरायचं की पुढचा अर्धा तास मी उगाच धुतलेल्या बाटल्या पुन्हा धूत बसायचे.

काम काय होतं ते सांगते. घरी सांगून सांगून ते सोपं करायची सवय झाली आहे. आईच्या घावनाला जशी जाळी पडते, तशी जाळी आम्हाला ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर पाडायची होती. घावनाची जाळी वाटेल तशी पडते. आमची ओळीने यायला हवी होती, मधाच्या पोळ्यासारखी, आणि एकेक भोक केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढं. त्यासाठी शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा बर्फात थंड केलेल्या ऑक्झॅलिक ॲसिडमध्ये धरायचा आणि वीज सोडायची. पत्र्यावर ऑक्साइडचा थर चढतो आणि त्या थरात भोकं आपोआप पडत जातात. पहिल्या खेपेला ती वेडीवाकडी येतात. म्हणून तो थर सरळ विरघळवून टाकायचा. खाली पत्र्यावर बारीक खळगे उरतात, आणि दुसऱ्या खेपेची भोकं त्या खळग्यांत धरून रांगेत उभी राहतात. पहिला थर टाकून देण्यासाठीच वाढवायचा, ही गोष्ट माझ्या जिवावर यायची, पण त्याला इलाज नव्हता.

हा झाला साचा. तो सोडवून सिलिकॉनच्या तुकड्यावर ठेवायचा आणि वर सोन्याच्या कणांचं लालसर पाणी सोडायचं, पातळ कोकम सरबताच्या रंगाचं. मिठागरातलं पाणी आटताना आधी कडेला पांढरी रेघ उमटते, हे आमच्या जिल्ह्यात कुणाला सांगावं लागत नाही. इथेही तसंच. प्रत्येक भोकातलं पाणी आटताना सोनं कडेला जाऊन बसतं. मग तापवायचं, साचा विरघळवायचा, आणि मागे उरतात ती सोन्याची कडी, ओळीत मांडलेली. निदान पुस्तकात तरी उरतात. पाण्यातलं विष अगदी थोडं असलं तरी अशी कडी ते ओळखू शकतात, म्हणून हा खटाटोप.

आमचं घर आगरदांड्याला, खाडीच्या अंगाला, नारळा-पोफळीच्या छोट्या वाडीत. जेट्टीवर कुणी विचारलं तर बाबा सांगायचे, "बाय सोन्याच्या बांगड्या करते. फक्त त्या कुनाच्या हातात जायच्या न्हाईत." लोक हसायचे. मीही हसायचे, पण नंतर नंतर मला ते लागायला लागलं, कारण कुणाच्या हातात जाणं सोडाच, त्या बांगड्या होतच नव्हत्या.

कॉलेज अलिबागच्या बाजूला. प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट खोली, तिच्या खिडकीतून समुद्र दिसत नाही, पण कपाटांच्या बिजागऱ्या मात्र दर पावसाळ्यानंतर बदलाव्या लागतात. सर मार्चअखेर निवृत्त होणार होते. आमच्याकडे या विषयाचे दुसरे गाइड नव्हते. मार्चच्या आत कडी मिळाली आणि त्यांचा फोटो हातात आला, तर सर प्रबंधावर सही करून जाणार. नाही मिळाली, तर मला दुसरीकडे दुसऱ्या कुणाच्या हाताखाली दुसऱ्याच विषयावर पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार. फोटो काढणारा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप मुंबईच्या एका संस्थेत होता आणि त्याची मार्चमधली एक तारीख आम्हाला महत्प्रयासाने मिळाली होती. माझं सगळं त्या एका तारखेवर टांगलेलं होतं.

आणि चीड आणणारी गोष्ट म्हणजे, गणपतीच्या सुमाराला साचे उत्तम निघत होते. एक साचा तर असा निघाला की सरांनी तो भिंगाखाली बघून "हं" म्हटलं. त्यांचं "हं" म्हणजे दुसऱ्याचे हारतुरे.

मग आली खंडेनवमी. आमच्या प्रयोगशाळेत त्या दिवशी यंत्रांची पूजा होते, सुतार आपली हत्यारं पूजतो तशीच. सर एरवी देवदेव करणारे नव्हेत. पण ज्याच्यावर पोट आहे त्याला वर्षातून एकदा हात जोडावेत, असं ते म्हणायचे, आणि ते मला पटायचं. वीज पुरवणाऱ्या यंत्राला झेंडूची माळ, तराजूला हळदकुंकू, आणि मधोमध आमचं सेल. सेल म्हणजे पत्रा धरून ठेवणारं पांढरं भांडं. खाली पत्रा, त्यावर रबराची चकती आणि वरून स्क्रू आवळलेले. सर म्हणाले होते, "तुमची वाडी आहे ना, नारळ तुमच्याकडचा आण." बाबांनी स्वतः माडावर गडी चढवून निवडून नारळ काढला, सोलला, शेंडी ठेवली. सरांनी तो दाराशी वाढवला, पाणी स्वच्छ बीकरमध्ये धरलं आणि आंब्याच्या डहाळीने सगळीकडे शिंपडलं. सेलवर जरा जास्तच, कारण ते मुख्य. मीही हात जोडले, आणि मनापासून जोडले.

दसऱ्यानंतरचा पहिला पत्रा करपला. वीज सोडल्यावर ती मोजणारा काटा हळूहळू खाली यायला हवा, तो वर चढत गेला. पत्रा बाहेर काढला तर रबराच्या चकतीच्या बरोबर खालून काळे ठिपके उठलेले, गोल रांगेत. मला नॅनोमीटरची कडी हवी होती. मिळालं ते पाच रुपयांच्या नाण्याएवढं कडं, आणि तेही भोकाभोकांचं.

सर म्हणाले, "हात." आणि थोडं थांबून म्हणाले, "पुढच्या खेपेला नीट नारळ वाढवून सुरुवात करू."

तेव्हापासून तो पायंडाच पडला. दर नव्या पत्र्याला नवा नारळ. पत्रा सेलमध्ये आवळला की सर यायचे, बीकरमधलं तीर्थ डहाळीने शिंपडायचे, आणि मग मी ॲसिड ओतायचे. पत्रा बिघडला की मी शनिवारी घरी जायचे, बाबा तोंड बघून ओळखायचे आणि सोमवारी पहाटेच्या एसटीत माझ्या पिशवीत एक नारळ जास्त असायचा. "ह्या वक्ताला मोठा दिलाय," ते म्हणायचे. "देवाला बी जरा बरं दिसाया हवं." दिघीच्या बाजारात न्यायचे चांगले नारळ बाजूला काढून ते माझ्यासाठी ठेवायचे. जितके पत्रे बिघडले तितके नारळ वाढले, आणि जितके नारळ वाढले तितके पत्रे बिघडत गेले. हे आज लिहिताना सरळ दिसतं. तेव्हा डोळ्यांवर पट्टीच होती.

ठिपके क्लोराइडचे आहेत, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मीठ ॲल्युमिनियमला खातं, हे कुणीही सांगेल. मला कळत नव्हतं ते एवढंच की मीठ येतं कुठून. माझा संशय समुद्राच्या हवेवर होता. मी खिडक्यांच्या फटींना पट्ट्या चिकटवल्या. दाराला ओलं कापड लावलं. सर ते बघून म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं. गणपतीत हवा नव्हती का?" बरोबर होतं ते, म्हणून तर जास्त लागलं. मी एकावर एक दोन हातमोजे घालायला लागले. हाताला घाम येऊ नये म्हणून जेवणात मीठ कमी केलं, जणू त्याने काही होणार होतं. आईने केलेली सुक्या जवळ्याची चटणी डब्यात नेणं बंद केलं. माझ्या हातांची सालं निघाली. एकदा एसटीत शेजारच्या बाईने विचारलं, "लादी-भांड्यांची कामं करता का?" मी हो म्हटलं. पीएच.डी. सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

मला सरांचा राग यायचा आणि त्यांचा नाइलाजही कळायचा. त्यांनी हा विषय या खोलीत शून्यातून उभा केला होता आणि कड्यांचा एकही फोटो न बघता त्यांना जावं लागणार होतं. तरीही. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची आणि वर त्या संन्याशानेच दोर धुऊन आणायचा, असं ते चाललं होतं.

फेब्रुवारीत एका दुपारी जिवापाड सांभाळलेला पत्रा, दुसऱ्या थरापर्यंत पोचलेला, शेवटच्या घटकेला फुटला. सर केबिनमधून उठून आलेही नाहीत. लांबूनच म्हणाले, "हात." माझा तोल गेला. म्हटलं, आज हात नावाचा प्रकार एकदाचा संपवते. कपाटातून सिल्व्हर नायट्रेट काढलं. अकरावीतला प्रयोग आहे हा: पाण्यात मीठ असेल तर त्याचा थेंब पडताच पांढरं होतं. सेलमधल्या ऑक्झॅलिक ॲसिडमुळे ही चाचणी फसवते, तेही पांढरं होतं, म्हणून ते ॲसिड सोडून मी खोलीतलं बाकी सगळं परीक्षानळ्यांत भरलं. डिस्टिल्ड वॉटर: स्वच्छ. बाटल्या धुतलेलं पाणी: स्वच्छ. माझे हात डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ते पाणी: स्वच्छ. ती नळी मी मुद्दाम सगळ्यांत पुढे ठेवली. मग खिडकीची कड पुसून ते पाणी: किंचित धुरकट. मग रागाच्या भरात जे हाताला लागेल ते तपासत सुटले, आणि त्यात टेबलाच्या कोपऱ्यावर सकाळच्या तीर्थाचं बीकर होतं.

थेंब पडला आणि नळीत ताक झालं.

नायट्रिकचा थेंब टाकून बघितलं. विरघळलं नाही, म्हणजे मीठच. मी स्टुलावर बसले. नारळाचं पाणी. गोड पाणी. जुलाब लागले की डॉक्टर शहाळं प्यायला सांगतात ते अंगातले क्षार भरून यावेत म्हणून, हे मला लहानपणापासून माहीत होतं. ते पाणी आपण गोड म्हणतो म्हणून मी त्याला संशयितांच्या रांगेत उभंच केलं नव्हतं. दर खेपेला ते पत्र्यावर पडायचं, रबराच्या चकतीखाली झिरपायचं, आणि मी वरून अत्यंत काळजीपूर्वक, दोन दोन हातमोजे घालून, ॲसिड ओतायचे.

नळ्यांचा स्टँड उचलून मी सरांच्या केबिनमध्ये गेले. पाठ केल्यासारखं बोलायचं ठरवलं होतं, पण तोंडातून निघालं ते एवढंच, "हे माझे हात, सर. आणि हे तुमचं तीर्थ."

सरांनी दोन्ही नळ्या उजेडात धरल्या. बराच वेळ बघितलं. त्यांचा चेहरा उतरला, हे मला स्पष्ट दिसलं, आणि क्षणभर वाटलं की आता ते म्हणतील. इतक्या महिन्यांत मला हवं असलेलं एकच वाक्य. चूक तुझी नव्हती.

"नारळ कुठला होता?" त्यांनी विचारलं.

"आमच्या वाडीतला."

"म्हणजे घाण तुमच्याकडूनच आली," ते म्हणाले, आणि नळ्या स्टँडमध्ये परत ठेवल्या. "उद्या नवीन रबर लाव. नारळ नको."

त्या शनिवारी मी घरी पोचेपर्यंत धुमसतच होते. बाबांना वाटलं पुन्हा पत्रा बिघडला, म्हणून ते पडवीतल्या नारळांच्या ढिगाकडे वळले. मी म्हटलं, "बाबा, नारळ नको. त्याच्या पाण्यात मीठ आहे, त्यानेच सगळं बिघडतंय."

मला वाटलं त्यांना वाईट वाटेल. ते खूश झाले. "असनारच," ते म्हणाले. "दरसाल माडाच्या बुंध्यात गोनीभर मीठ घालतो मी. त्याशिवाय माड धरतो व्हय? लोकं कंटाला करतात, मी न्हाय करत." आणि आईला हाक मारून सांगितलं, "ऐकलंस? आपल्या नारलातलं मीठ कालेजात दिसलं यंत्रावर."

आपलेच दात, आपलेच ओठ. सर माझे, बाबा माझे, नारळ माझा. भांडायला समोर कुणी परका असता तर बरं झालं असतं. मी हातपाय धुऊन जेवायला बसले आणि पानात आईने सुक्या जवळ्याची चटणी वाढली. मी ती सगळी खाल्ली.

नवं रबर लावलेला पत्रा मी एकटीने सेलमध्ये बसवला. सर आले, पण आत आले नाहीत. उंबऱ्याबाहेर उभे राहिले, हात पँटच्या खिशात. खिशातून हात काढायला ते कचरत असावेत असं मला उगाच वाटलं. मी ॲसिड ओतलं, वीज सोडली. काटा खाली यायला लागला, हळूहळू, आज्ञाधारक मुलासारखा. सर निघून गेले. साचा निघाला तो एका डागाशिवाय, खिडकीच्या उजेडात किंचित पिवळसर झाक मारणारा. त्याच्यावर सोन्याचं पाणी सोडलं. सुकायला ठेवलं, तापवलं, साचा विरघळवला. उरलं ते साध्या डोळ्यांना काहीच दिसत नाही असा सिलिकॉनचा तुकडा. तो डबीत घालून, मांडव्याहून बोट धरून, ठरलेल्या तारखेला मी मुंबईच्या त्या मायक्रोस्कोपसमोर जाऊन बसले.

यंत्र चालवणाऱ्या बाई जेवायला जायच्या घाईत होत्या. पडद्यावर नुसता करडा रंग सरकत होता. चिखल. पुन्हा चिखल. कडेच्या भागात तर काहीच नव्हतं. "नाही वाटत काही," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "जरा डावीकडे." त्यांनी उसासा टाकून डावीकडे नेलं, आणि तिथे होती. कडी. एका मागोमाग एक, रांगेत, प्रत्येक रांग शेजारच्या रांगेच्या खाचेत बसलेली, पांढरी, मध्ये काळोख. सगळा तुकडा नव्हता भरला, एक कोपराच होता, पण होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचा मला रागही आला, कारण बाईंनी विचारलं, "काय झालं? खराब आहेत का?"

मोबाइलवर पडद्याचा फोटो काढून मी तिथूनच सरांना पाठवला. उत्तर लगेच आलं. "स्केल बार कुठे आहे?"

माप दाखवणारी ती रेघ माझ्या फोटोत कापली गेली होती. मी बोटीवर उभी राहून मांडव्यापर्यंत त्या चार शब्दांवर चिडत राहिले.

मार्चच्या शेवटी निरोप समारंभ झाला. सरांनी प्रबंधावर सही केली होती, त्यामुळे माझं अडलेलं घोडं सुटलं होतं, आणि मी आनंदात असायला हवं होतं. हॉलमध्ये मागच्या रांगेत बसून मी त्यांचं भाषण ऐकत होते. शेवटी ते माझ्याबद्दल बोलले. "या मुलीने समुद्राच्या खाऱ्या हवेवर मात करून ही कडी मिळवली," ते म्हणाले. टाळ्या पडल्या. खारी हवा. मी खिडक्यांना पट्ट्या चिकटवत होते तेव्हा जिची त्यांनी चेष्टा केली होती, तीच हवा आता सगळ्यांच्या सोयीची झाली. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. मग त्यांच्या खांद्यावर शाल घातली गेली आणि हातात श्रीफळ दिलं गेलं.

समारंभ संपल्यावर मी प्रयोगशाळेत जाऊन सेल पुसत होते. सर चावी द्यायला आले. अंगावर शाल, हातात तो नारळ. दाराशी थबकले. सेलकडे बघितलं, मग हातातल्या नारळाकडे. मग वाकून त्यांनी तो नारळ उंबऱ्याबाहेर, भिंतीच्या कडेला, जमिनीवर ठेवला. शाल काढून खुंटीला अडकवली, बाह्या वर सारल्या आणि बेसिनकडे गेले.

त्यांनी हात धुतले. साबण लावून, कोपरापर्यंत, बोटांच्या बेचक्यांतून, नखांखालून. मला शिकवलं होतं अगदी तसंच. मग डिस्टिल्ड पाण्याची बाटली घेऊन वरून धार सोडली. त्यांचे हात निथळत होते, म्हणून मी त्यांना टिश्यू दिला.

हात पुसून त्यांनी सेलला एकदा स्पर्श केला, नमस्कार करतात तसा, बोटांच्या टोकांनी.

"सर, एवढे धुवायची गरज नव्हती," मी म्हटलं. "स्वच्छ होते तुमचे हात."

चावी टेबलावर ठेवताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

"तुझेही होते," ते म्हणाले.